दुसरा भाग

पहिला भाग संपला तो ऐन मोक्यावर! डॉक्टरीणबाईंच्या दारावर थाप पडते, त्या कडी काढतात, बाहेर खुनी उभा, आणि पुस्तक खलास. मी पायांत चपला सरकवल्या आणि तडक लायब्ररी गाठली.

"दुसरा भाग कालच गेला," लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या.

"कोणी नेला?"

त्यांनी हसू दाबत रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "तुमच्याच घरी आहे की."

आमच्या ह्यांनी? शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, वर्तमानपत्रसुद्धा फक्त ऑइलचे हात पुसायला घेतो! आणि आमचं बोलणं म्हणाल तर "किल्ली कुठंय?" आणि "जेवण झाकून ठेवलंय", एवढंच. ह्यांनी तोंड उघडलं की मी पुस्तक उघडते. वर्षभर हेच चाललंय.

धावतपळत घरी आले. हे गॅलरीत बसलेले, दुसरा भाग मांडीवर, मधल्याच कुठल्यातरी पानात बोट.

"अहो, खुनी कोण? नवरा ना? मला वाटलंच होतं! की तो कंपाउंडर? बोला ना पटकन!"

ह्यांनी शेजारच्या खुर्चीवरची हत्यारं उचलून खाली ठेवली आणि खुर्ची फडक्याने पुसली.

"सांगतो. पण आधी तू बस," हे म्हणाले. "पहिल्या भागात काय झालं ते सांग. अगदी पहिल्या पानापासून."