दोन कप

नितेश जाऊन सहा महिने झाले होते. तो डेटा सेंटरमध्ये कामाला होता. तिथल्या मित्रांनी त्याच्या खणातली एक हार्ड डिस्क मुलुंडच्या घरी श्वेताला आणून दिली. विटेसारखी जड, आणि स्टेशनजवळच्या दुकानदारानेही कधी न पाहिलेली. मोबाईलवर उघडता यावी म्हणून ती घरच्या वायफाय राउटरला जोडायची, तर वेगळा अडॅप्टर घ्यावा लागला. आत नवऱ्याचे फोटो सापडतील, एवढीच तिला आशा होती.

फोटो नव्हते. मोबाईलवर आवाजाची एकच फाइल दिसली, आजच्या तारखेची.

तिने ती लावली. कुकरची शिट्टी झाली आणि मग नितेश खोकला. तोच कोरडा खोकला.

रोज दुपारी नवी फाइल येऊ लागली. ती ऐकल्याशिवाय श्वेताला घास जाईना. नितेश पंखा लावायचा, चहा गाळायचा, पण बोलायचा नाही.

"एकदा हाक मार ना रे," ती पुटपुटायची.

शुक्रवारी त्याने हाक मारली. "श्वेता, आज पण दोन कप ओतले बघ मी."

श्वेताने फाइल थांबवली, आतल्या खोलीतून सासूबाईंना हात धरून आणलं, शेजारी बसवलं आणि फाइल पुढे चालू केली.

कप ठेवल्याचा आवाज आला. मग एक बाई हळूच म्हणाली, "किती दिवस असं करशील रे बाळा? श्वेता गेली आता."

आवाज सासूबाईंचा होता. त्या शेजारीच बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून.

श्वेताने आवाज आणखी वाढवला.