पाहुण्यांचा परिचय

विक्टर आणि लिनच्या खांद्यांवर शाली पडल्या, हातांत नारळ आले आणि सुमंतने खिशातून चार कागद काढले. काल रात्री जेवणाच्या टेबलावर सुमेधाने नवऱ्याचं परिचयाचं भाषण वाचलं होतं, तेव्हा कागद तीनच होते.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाची संक्रांत होती. शाळेच्या कॅफेटेरियात काळ्या साड्यांची गर्दी, बाहेर घोटाभर बर्फ. यंदा ‘गोड बोला’चा मान रशिया आणि चीनला मिळाला होता. कल्पना अर्थात सुमंतची. मॉस्को आणि बीजिंग टीव्हीवर गळ्यात गळे घालताहेत, आणि आपल्याच गल्लीत असे दोघे म्हातारे शेजारी-शेजारी राहतात, मग सत्कार नको का करायला? विक्टर रशियन; लिन उत्तर चीनमधल्या हार्बिनचा, लहानपणी शाळेत रशियन शिकलेला, त्यामुळे दोघांचं जमलं. लिनला आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गेली चार वर्षं विक्टरच त्याला पहाटे गाडीतून नेतो आणि चार तास उशाशी बसून त्याच्याशी बुद्धिबळ खेळतो. लिनचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. तो फोन करतो.

सुमंत भूलतज्ज्ञ होता. चाळीस वर्षं त्याने माणसं झोपवली आणि निवृत्त झाल्यावर तेच काम माइकवरून चालू ठेवलं, असं मंडळातली पोरं त्याच्या माघारी म्हणत. आज मात्र कोणी पेंगत नव्हतं. पाहुण्यांनाही समजावं म्हणून तो इंग्रजीत बोलत होता, आणि छान बोलत होता.

परिचय लिहायचा म्हणून त्याने दोघांना वेगवेगळं घरी बोलावलं होतं. आधी लिन आला. त्याने पाकिटातून मोठ्या भावाचा फोटो काढून दाखवला. सैनिक होता. एकोणीसशे एकोणसत्तरच्या मार्चमध्ये चीन-रशिया सीमेवरच्या उसुरी नदीतल्या बेटावर रशियनांच्या गोळीने गेला. दुसऱ्या दिवशी विक्टर आला. पोहे खाता खाता म्हणाला, “त्या मार्चमध्ये मी त्याच बेटावर होतो. मशीनगनवर.” मग चमचा खाली ठेवून म्हणाला, “हे लिहू नका. लिनच्या भावाचं मला माहीत आहे. त्याला मी सांगितलंय, मी सैन्यात स्वयंपाकी होतो.”

“छे छे, भलतंच काय!” सुमंत म्हणाला होता. सुमेधा तेव्हा चहा गाळत होती. तिने दोन्ही दिवस गाळला होता.

सुमंतने चौथा कागद वर घेतला.

“नदी एक. बेट एक,” तो म्हणाला आणि आवाज खाली आणला. “एका बाजूला मशीनगनवर एकोणीस वर्षांचा विक्टर. समोर लिनचा सख्खा भाऊ. तो भाऊ घरी परत आला नाही. आणि आज, सत्तावन्न वर्षांनी, हे दोघे आपल्यासमोर एकमेकांना तिळगूळ देणार आहेत!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाची अध्यक्ष निधी लाडवांचं ताट घेऊन पुढे झाली.

लिनने विक्टरकडे पाहिलं आणि हळूच काहीतरी विचारलं. रशियनमध्ये, दोनच शब्द. सभागृहात ते कोणालाच कळले नाहीत. विक्टरने मान खाली घातली आणि तशीच एकदा होकारार्थी हलवली.

लिनने नारळ खुर्चीवर ठेवला. अंगावरची शाल काढली, चौकोनी घडी घातली आणि नारळाशेजारी ठेवली. मग कठड्याला धरून व्यासपीठाची एकेक पायरी उतरला. टाळ्या चालूच होत्या. लोकांना वाटलं, म्हातारा भारावलाय.

“काका, अंगावर काटा आला यार!” मंडळातला केदार सुमंतकडे धावत आला. “व्हिडिओ लगेच ग्रुपवर टाकतो.”

सुमेधा कोट सावरत बाहेर पळाली. लिन दाराशी उभा होता. समोर विक्टरने गाडीचं दार उघडून धरलं होतं. सीटवर बर्फ पडत होता, तो विक्टर हाताने झटकत होता. पुन्हा पडत होता, पुन्हा झटकत होता. लिन जागचा हलला नाही.

शेवटी विक्टरने दार लावलं. मागच्या सीटवरून एक कापडी पिशवी काढून तो सुमेधाकडे आला. पिशवीत लोकरीचं ब्लँकेट आणि बुद्धिबळाची छोटी पेटी होती. पेटी त्याने बाहेर काढली, हातात धरली आणि परत आत ठेवली.

“सोमवार, बुधवार, शुक्रवार,” तो म्हणाला. “साडेपाचला निघायचं. तिथे त्याला थंडी वाजते. ब्लँकेट आधी पायांवर.”

तो गेला. गाडी वळेपर्यंत लिन दुसरीकडे बघत राहिला.

सुमंत बाहेर आला तो फोनकडे बघतच. ग्रुपवर लाल बदामांची रांग लागली होती.

“अहो,” सुमेधा म्हणाली. तीन हिवाळ्यांपासून तिने बर्फात गाडी चालवणं सोडलं होतं. “सोमवारी पहाटे साडेपाचला यांना तुम्ही न्याल ना?”

“साडेपाचला? या बर्फात?” सुमंतने मान वर केली नाही. “अगं, उबर असतं की.”

एवढ्या मराठी बोलण्यातला एकच शब्द लिनला कळला. त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि पिशवीसाठी हात पुढे केला.

सुमेधाने ती देऊन टाकली.