ओढ्याअलीकडे

"मेजरसाहेब, तुमची गस्त आधी गावात शिरते आणि आम्ही पोचतो तेव्हा चुली तेवढ्या धुमसत असतात. लस काय चुलींना टोचू?" लशीची पेटी मांडीवर सावरत एस्थर सिस्टर म्हणाल्या. डोंगरातल्या त्या गावात गोवरानं मुलं दगावत होती आणि याआधी दोनदा जवानांना भिऊन माणसं जंगलात पळाली होती.

"तुम्हाला काही झालं तर उत्तर मला द्यावं लागेल."

"आणि त्या लेकरांचं कोण देणार?"

मेजर शितोळ्यांनी गाडी ओढ्याअलीकडेच थांबवली. "जा. पण दुपारपर्यंत परत या, माझे आई!"

गुडघ्यांवर हात टेकत सिस्टर एकट्याच चढ चढल्या. गाव भरलेलं होतं. आयांनी आपणहून लेकरांचे दंड पुढे केले.

परतताना एक तरुण आई तापानं फणफणलेलं मूल घेऊन मागोमाग आली. त्याला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं, आणि वाहन होतं फक्त लष्कराचं. वर्दी दिसताच ती ओढ्यात थबकली. तिच्या नवऱ्याला अशाच गाडीतून नेलं होतं. समजूत घालण्याचं त्राण सिस्टरांत उरलं नव्हतं. त्या नुसत्या तिच्याशेजारी पाण्यात उभ्या राहिल्या.

मेजरनी दोघींकडे पाहिलं. "सगळे उतरा. छावणीपर्यंत पायी," त्यांनी जवानांना सांगितलं. स्वतःची बंदूक हवालदाराकडे देऊन ते गाडी चालवायला बसले.

बाईनं मूल सिस्टरांच्या हाती दिलं. आधी ती एकटीच आत चढली, बसून पाहिलं, आणि मगच लेकरासाठी हात पुढे केले.