मुठीतली हाक

पक्ष्याचं गाणं संपलं आणि पुतणीने काकांच्या तोंडाकडे पाहिलं.

"सुरेख," काका म्हणाले. "अगदी डोंगरी. एक सूर इकडचा तिकडे नाही."

"मग उद्या डोंगरी थव्याबरोबर जंगलात सोडायचा ना?"

पक्षीकेंद्रात काकांच्या कानांपुढे कुणाचं काही चालत नसे, आणि ते कान नातंगोतं पाहून ऐकणारे नव्हते. अस्सल डोंगरी असेल तर जंगल. खोऱ्यातल्या जातीशी झालेला संकर निघाला तर जन्मभर पिंजरा. सापडलेल्या अंड्यातून बाहेर आल्यापासून तिनेच त्याला वाढवलं होतं. त्याने एकदाचं उडून जावं, एवढंच तिला हवं होतं.

"गाणं त्याने शेजारच्या पिंजऱ्यातल्या नराकडून उचललंय," काका म्हणाले. "गाणं शिकता येतं गं. घाबरल्यावर तोंडातून निघतं ते जन्माचं. डोंगरी असला तर तुटक टिकटिक करेल, खोऱ्यातला असला तर लांब शीळ घालेल. ते ऐकव मला."

पुठ्ठ्याचा ससाणा पिंजऱ्यावरून फिरवून झाला. पक्ष्याने मान वाकडी करून पाहिलं आणि निवांत पंख साफ करायला घेतले. काकांनी जोरात टाळी वाजवली. हा आपला ढिम्म. लाडावलेलं पोर ते. भीती कशाशी खातात, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"मुठीत धर त्याला," काका म्हणाले.

"मी?"

"दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार आहे तो?"

तिने पिंजऱ्याचं दार उघडून हात आत घातला. तो उडी मारून तिच्या बोटावर बसला. तिने झटकन मूठ आवळली.

पक्षी किंचाळला. आधी तुटक टिकटिक, आणि त्या टिकटिकीच्याच शेवटी लांबत गेलेली शीळ. ते ओळखायला काकांचे कान लागलेच नाहीत.

"संकर," काका हळूच म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून आवाज मऊ केला. "वाईट नको वाटून घेऊ, बाळा. आता जन्मभर तुझ्यापाशीच राहील की."

तिने मूठ उघडली. पक्षी थेट पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन जाळीला चिकटला. तिने समजूत काढायला बोट पुढे केलं, तसा तो पुन्हा किंचाळला. या वेळी त्याला कुणीही धरलेलं नव्हतं.