हिरव्या काठाचा कप

धाकट्या जावेनं काटवटीत भाकरी थापायला घेतली, आणि त्या आवाजानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. सहा महिन्यांपूर्वी आम्हा दोघींची बोटं सारखीच सुजलेली होती. दवाखान्यात एकाच बाकावर बसायचो, घरी एकाच बाटलीतलं तेल चोळायचो.

मग रक्त तपासलं. तिच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला, जुन्या बाळंतपणात चढवलेल्या रक्तातून आलेला. मी त्याच दिवशी तिचा हिरव्या काठाचा कप वेगळा काढला. ती त्याच कपातून चहा पीत राहिली. बारा आठवडे गोळ्या घेतल्या, आणि विषाणू गेला तशी तिची सूजही गेली. माझ्या रक्तात तसलं काहीच निघालं नाही. "तुमचा मात्र खरा संधिवात," डॉक्टर म्हणाले, "औषधं जन्मभर."

आजार मोठा तिचा, आणि बरी झाली तीच!

ती पाठमोरी होती. मी तिचा कप दोन्ही तळव्यांत धरला आणि तळाशी उरलेला चहा पिऊन टाकला. मलाही होऊ दे एकदाचा तोच आजार!

"जाऊबाई," ती वळून बघत होती, "माझ्यात तो आता उरलेला नाही. आणि उष्ट्या कपातून तो लागतही नाही."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"डॉक्टरांनी." तिनं माझ्या हातातून कप अलगद काढून घेतला. "पहिल्याच दिवशी."