फीत बांधलेली बोट

"चावी द्या मालक, माणूस बुडून राहिलाय!" सलीम ओरडला.

रिसॉर्टच्या मॅनेजरनं, राजशेखरनं, चावी खिशात घातली. "फीत कापल्याबिगर बोट हलणार न्हाई. सभापती येऊन राहिलेत."

निजामाच्या वेळच्या त्या तलावावर आज नौकाउत्सव होता. नवीकोरी जीवरक्षक बोट झेंडूच्या माळा घालून धक्क्याला उभी होती, समोर लाल फीत. जीव वाचवायची बोट, अन् तिलाच बांधून ठेवलेली! काय अक्कल म्हणायची ही.

लांब, बंगलेवाल्यांच्या खासगी धक्क्यांपलीकडं, एक छोटी नाव उलटली होती. पाण्याबाहेर एक हात हलत होता. सलीमचा धाकटा भाऊ मुनीब घंटाभरापूर्वी तीच नाव घेऊन तिकडं हार पोचवायला गेला होता.

"माझा भाऊ हाय तो!"

"पोहता येतंय ना त्याला?" राजशेखरनं अहमदपूरच्या रस्त्याकडं मान वळवली. सगळेच तिकडं बघत होते. पोलीस, बँडवाले, ओवाळायला आलेल्या बाया. चारपाच जण तेवढे तलावाकडं वळलेले, तेही मोबाइल वर करून. बंगलेवाल्यांच्या सजवलेल्या बोटींना कुलपं होती. त्यांचा रखवालदार म्हणाला, मालकाला विचारावं लागेल. शी! माणसं म्हणायची का काय ह्यांना.

दहा मिनिटं गेली. शेवटी सलीमनं राजशेखरची गचांडी धरली, चावी हिसकली, फीत तोडली अन् बोट सोडली.

"उद्यापासून कामावर येऊ नको, हरामखोरा!" मागून आवाज आला.

मुनीब जिवंत होता. एका हातानं उलटी नाव धरलेली, दुसऱ्या हातात कुणाची तरी कॉलर. सलीमनं दोघांना वर ओढलं. त्या माणसाच्या तोंडभर शेवाळ होतं. सलीमनं त्याला पालथा घालून पाठ दाबली. पाणी निघालं, श्वास नाही.

"लई वेळ धरून ठेवलं रे भाई," मुनीब रडत म्हणाला. "पाच मिनिटं आधी आला असतास तर..."

बोट धक्क्याला लागली तसा राजशेखर धावत आला. तुटलेल्या फितीला त्यानं गाठ मारून घेतली होती. पालथ्या देहाकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"हे मढं मागच्या बाजूनं काढा आधी! सभापती आत्ता येतील!"

मुनीबनं देह उताणा केला, तोंडावरचं शेवाळ पुसलं.

"आलेत," तो म्हणाला. "तिकडं बंगल्यावरच होते. गाडीनं नको, नावेतून मिरवत येतो म्हणले."