हरणाची शिंगं

कांचननं बंदूक उचलली, खांद्याला लावून पाहिली आणि परत काउंटरवर ठेवली.

"जड आहे. दुसरी दाखवायला सांग," ती श्रीरंगला म्हणाली.

श्रीरंगनं दुकानदाराला तसं सांगितलं. खरं तर कांचनचं इंग्रजी नवऱ्याहून चांगलं. पण आज घरातून निघतानाच तिनं बजावलं होतं की दुकानात बोलायचं ते त्यानंच. तो निमूट हो म्हणाला. एप्रिलपासून तो तिच्या सगळ्याला हो म्हणत होता.

दुकानदार डग्लस, म्हातारा आणि हौशी माणूस. त्यानं ती बारा गेजची बंदूक उचलून मागं टांगली. ती असा दणका देते की बाईंचा खांदा चार दिवस काळानिळा राहील, म्हणाला. मग वीस गेजची काढली. हिचा आकडा मोठा पण नळी बारीक, वजन कमी, दणका सोसवेल असा. काडतूस मात्र छर्ऱ्यांचं नको. छर्ऱ्यांनी हरीण मरत नाही, नुसतं जायबंदी होऊन रानात तडफडतं. त्याला स्लग हवा. त्यानं एक सुटा स्लग कांचनच्या तळहातावर ठेवला. शिशाचा एकच अख्खा गोळा, अंगठ्याच्या पेराएवढा. कांचननं मूठ मिटली.

हे सगळं श्रीरंगला आधीच पाठ होतं. महिनाभर ऑफिसात बसून त्यानं दुसरं काय वाचलं होतं? वीस गेज त्यानंच सुचवली होती. बायकोला झेपेल अशी बंदूक शोधून देणारा नवरा अख्ख्या पार्सिपनी गावात हा एकच असेल.

आणि बायको कोण, तर जिनं उभ्या जन्मात झुरळ मारायलासुद्धा नवऱ्याला हाक मारली. अंडं घातलेला केक ती घरात येऊ द्यायची नाही. पण एप्रिलमध्ये इला गेली. सतरा वर्षांची पोर, एकुलती एक. श्रीरंग तिला पोहण्याच्या प्रॅक्टिसवरून घरी आणत होता. तळ्याकाठच्या वळणावर हरीण आडवं आलं, त्यानं गाडी वळवली, आणि झाड इलाच्या बाजूला आलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पोलिसांना त्यानं हेच सांगितलं, इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना हेच, पुण्याला आईला फोनवर हेच. सांगता सांगता माणसाला बारीकसारीक आठवत जातं. तेराव्यापर्यंत त्याला हरणाची शिंगंही आठवली. एवढाली, फांद्या फुटलेली.

ऑगस्टमध्ये कांचन म्हणाली, मला एक हरीण मारायचंय. मंडळातल्या बायका हादरल्या. विनीताकाकूंनी तर तिला शांतीचं काहीतरी करायला सुचवलं. श्रीरंगला मात्र आत कुठंतरी बरं वाटलं. राग हरणावर निघतोय ना, निघू दे. बाई निदान जेवायला तरी लागली. शिकारीच्या लायसन्ससाठी कोर्स लागतो, तो तिनं शनिवारी शनिवारी जाऊन केला. पोलिसांकडून बंदुकीच्या परवान्याचं कार्डही आणलं. घरी रोज जेवताना ती त्याला हरणाबद्दल विचारायची. कुठून आलं, केवढं होतं, शिंगं कशी होती. तो सांगायचा. ती त्याच्या तोंडाकडे बघत ऐकायची आणि मग ताटं उचलायची.

आजही गाडी काढण्याआधी त्यानं फोन डिकीत टाकला होता. गाडीत फोन जवळ ठेवायचा नाही, हा त्यानं इलानंतर कानाला खडा लावला होता. लोक म्हणायचे, बिचाऱ्यानं धसका घेतलाय.

डग्लसनं वीस गेज कांचनच्या हातात दिली. तिनं खांद्याला लावली. बंदूक नीट बसली.

मग त्यानं विचारलं, मारायचंय ते केवढं? तुमच्या बाजूला कसली हरणं दिसतात?

"तू सांग. पाहिलंयस तू," कांचन म्हणाली.

श्रीरंगनं सांगितलं. दोन्ही हात डोक्यापाशी नेऊन शिंगं दाखवली. डग्लसचे डोळे चमकले. असलं जनावर त्यानं बरीच वर्षं पाहिलं नव्हतं. कधी दिसलं?

"एप्रिलमध्ये."

डग्लस हसला. अगदी सहज, नवख्याला समजावून सांगतात तसा. एप्रिलमध्ये कसं शक्य आहे? हिवाळा सरेपर्यंत नराची शिंगं गळून पडतात. दर वर्षी. एप्रिलमध्ये रानातल्या एकाही हरणाच्या डोक्यावर शिंग नसतं. तुम्ही दुसरंच काहीतरी पाहिलं असणार.

श्रीरंगचे हात अजून डोक्यापाशीच होते. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेला माणूस. त्याला शिंगं माहीत ती बैलाची, एकदा आली की मरेपर्यंत. हात खाली कसे घ्यावेत हेच त्याला कळेना. त्यानं कांचनकडे पाहिलं. तिला धक्का बसला असेल, तिला काय सांगायचं?

कांचनला धक्का बसलेला नव्हता.

"कोर्सच्या दुसऱ्याच शनिवारी शिकवलं आम्हाला," ती मराठीत म्हणाली. "तेव्हापासून रोज विचारतेय तुला. वाटायचं, आज तरी खरं सांगशील."

तिनं बंदूक डग्लसकडे सरकवली. मूठ उघडून तो शिशाचा गोळा काउंटरवर ठेवला. डग्लस दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. आपलं काय चुकलं ते त्याला समजेना.

"फोनवर कोण होतं, श्रीरंग?"